हातचा न घेणारी संख्या

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नववीतला एक मुलगा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं मला जिन्यातच अडवलं. "आजोबा, नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला तर मोबाइल भलतंच काहीतरी दाखवतो." पाहिलं तर पडद्यावर दशांश चिन्ह, त्यापुढे काही आकडे आणि शेवटी इंग्रजी 'ई' आणि १६. त्याला घरात घेतलं, पाठकोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, हातानं कर.

त्यानं केलं. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येकीत तेच नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. गुणाकार म्हणावा असं त्यात काही नाहीच, एक एके एक. रेघ मारून उभी बेरीज घेतली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. "हातचा एकदाही आला नाही," तो म्हणाला. या संख्येबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते बहुतेक सगळं त्याच्या या एका वाक्यात आहे. पुढचा लेख म्हणजे त्या वाक्याचा पसारा.

आधी मोबाइलची बाजू घेऊ. संगणक साधारणपणे ज्या मापाच्या डब्यात संख्या ठेवतो, त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावते. हा दोनाचा त्रेपन्नावा घात. त्यापुढे काही अंतर फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्या हद्दीपलीकडची आणि विषम, म्हणून तिच्या शेवटच्या एकाला तिथं जागाच नाही. मी बँकेत होतो तेव्हा हा प्रकार रोजचा होता. सोळा आकडी क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टंकला की शेवटचा आकडा शून्य होऊन बसायचा. मग आधी एक अवतरण चिन्ह टाकून यंत्राला समजवायचं, की बाबा, ही संख्या नाही, मजकूर आहे. संख्या म्हणून दिली की शेपूट तुटतं, मजकूर म्हणून दिली की शाबूत राहते. संख्या आणि संख्येचं लिखाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला गणिताच्या पुस्तकानं नाही, त्या अवतरण चिन्हानं शिकवलं.

ही संख्या सतरा आकडी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, त्यातल्या सतराव्या स्थानाचं नाव 'मध्य'. म्हणजे आपल्या संख्येचं डोकं मध्यावर आहे, परार्धाला एक घर कमी. तिला आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असं होतं आणि सगळी शोभा जाते. स्वल्पविराम काढले की ती 'रामाला भाला मारा'च्या जातीची होते. उजवीकडून वाचा की डावीकडून, तीच.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. नऊ एकांच्या संख्येचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्ग केला की प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, म्हणून आपल्या संख्येला बरोबर ४५ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. उलट ८१ नं भागण्याऐवजी गुणलं तर येतो ९९९९९९९९९ चा वर्ग. शिवाय ती आठव्या अंकानंतर कापून दोन तुकड्यांची बेरीज करा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. उत्तर ९९९९९९९९९.

आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो अशा संख्येला 'हर्षद' म्हणतात, आनंद देणारी. हे नाव ठेवणारे आणि संख्या मधोमध कापून तुकड्यांची बेरीज करण्याचा छंद असणारे गृहस्थ एकच: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. (आपल्या संख्येचे विभाजकही ४५ च भरतात. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला मी काही अर्थ चिकटवणार नाही. अशा जागी हात आवरता येणं ही या छंदातली पहिली अट आहे.)

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक, १९२९ साली बीएस्सी. पुढचं शिक्षण नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव बाहेर पोचलं, पण मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला जवळची वाटावी ती त्यांची दुसरीच एक करामत आहे. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, डेमलो नावाचं स्टेशन होतं. तिथं त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली आणि त्यांनी त्यांना स्टेशनाचंच नाव दिलं: डेमलो संख्या. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. सीएसएमटीहून डोंबिवली अठ्ठेचाळीस किलोमीटर, म्हणजे मैलांचा हिशेबही जुळतो. घाटकोपर-मुलुंडच्या लोकांना डोंबिवली फास्ट म्हटलं की दारातली गर्दी आठवते. त्याच रुळांवरच्या एका फलाटाचं नाव गणिताच्या जागतिक शब्दकोशात आहे, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल.

डेमलो संख्येची मूळ कल्पना अशी. २५५३ घ्या. टोकाचे अंक २ आणि ३, त्यांची बेरीज ५, आणि मध्ये सगळे पाचच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३, मध्ये साते. या येतात कुठून? २३ गुणिले १११ म्हणजे २५५३, आणि ४३ गुणिले ११११ म्हणजे ४७७७३. एकांच्या ओळीनं गुणणं म्हणजे तीच संख्या एकेक घर सरकवून पुन्हा पुन्हा मिळवणं, म्हणून मध्ये बेरीज साचत जाते. एकांच्या ओळीला एकांच्या ओळीनंच गुणलं की १, १२१, १२३२१ अशी माळ तयार होते. तिला कापरेकरांनी अद्भुत डेमलो संख्या म्हटलं आणि १९३८ साली त्यावर लेख छापला. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासोबतचा त्यांचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. आपली सतरा आकडी संख्या म्हणजे या माळेतला नववा मणी.

आता भांडणाचा मुद्दा. कापरेकरांच्या हयातीत आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे कौतुक सुरू झालं. त्या कौतुकातही 'गमतीचे गणित करणारे' हा शिक्का राहिलाच. हसणाऱ्यांना नुसतं खडूस म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यांच्या हाती एक खरा युक्तिवाद आहे. तो सगळ्यात धारदार शब्दांत मांडला तो रामानुजन यांना केंब्रिजला नेणाऱ्या हार्डी यांनी, १९४० सालच्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या छोट्या पुस्तकात. त्यांनी उदाहरण दिलं ८७१२ आणि ९८०१ चं. चार आकडी संख्यांत या दोनच अशा आहेत, की ज्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत: २१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१. हार्डींचा निवाडा असा, की वर्तमानपत्राच्या कोड्यांना हे ठीक आहे, गणितज्ञाच्या मनाला भिडेल असं यात काही नाही.

या निवाड्यामागचं कारण आपल्या दुसरीतल्या पुस्तकाच्या शब्दांत सांगता येतं: दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत. अंकांची रांग हा संख्येचा पोशाख आहे. आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो. आठ बोटं असती तर आठाच्या पायावर लिहिलं असतं. आपल्या संख्येला ४५ विभाजक आहेत, ती पूर्ण वर्ग आहे, हे कुठल्याही पोशाखात खरं राहील. पण ती उलटसुलट सारखी आहे किंवा तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे, हे अंगच्या कपड्यांचं वर्णन झालं. कपडे बदलले की गेलं. कपडे आणि माणूस यांची गल्लत होते तेव्हा काय गोंधळ उडतो ते आपण २०१९ साली पाहिलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं आणि विधिमंडळापर्यंत वादळ उठलं. गणितज्ञ मंगला नारळीकर परोपरीनं समजावत होत्या. २१ ही संख्या मात्र दोन्ही नावांनी तेवढीच राहिली.

तर हार्डी बरोबर होते का? माझं मत असं, की अर्ध्यावर बरोबर होते, आणि उरलेलं अर्धं त्यांनी तपासलं नाही.

त्यांचंच उदाहरण घ्या. आठाच्या पायावर लिहायचं ठरवलं तर अंक फक्त शून्य ते सात. त्या लिपीत १०६७ ला ७ नं गुणा. येतं ७६०१, म्हणजे उलटी संख्या. आपल्या मापात हे ५६७ गुणिले ७ बरोबर ३९६९, पडताळून पाहा. दहात १०८९ आणि नऊ, आठात १०६७ आणि सात. पाया कुठलाही घ्या, एक, शून्य, त्या पायाचा शेवटून दुसरा अंक, शेवटचा अंक अशी संख्या लिहून शेवटच्या अंकानं गुणलं की ती उलटते. कपडे बदलूनही जे टिकतं त्याला कपड्यांचा गुण कसं म्हणायचं? हार्डींनी एक शर्ट पाहिला आणि हा शर्टाचा रंग आहे म्हणाले. शर्ट बदलला तरी रंग तोच राहतो, हे पाहायला ते थांबले नाहीत.

डेमलोचं तर याहून स्वच्छ आहे. दहाच्या जागी क्ष घाला. एक अधिक क्ष अधिक क्षचा वर्ग, असं नऊ पदांपर्यंत लिहा आणि या बहुपदीचा वर्ग करा. उत्तरात सहगुणक येतात १, २, ३ करत ९ आणि परत १. हे बीजगणित आहे, यात दहा कुठेच नाही. क्षची किंमत दहा घातली की आपली संख्या मिळते. आठाच्या लिपीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ येतो तो याच कारणानं. आणि क्षची किंमत एक घातली तर? डावीकडे नऊ एकांची बेरीज, तिचा वर्ग ८१. उजवीकडे अंकांची बेरीज. म्हणजे जिला आपण कपड्यांची मोजणी समजत होतो ती अंकांची बेरीज त्याच बहुपदीची एकावरची किंमत निघाली. १२१ ची बेरीज ४, १२३२१ ची ९, या वर्गसंख्या येणारच होत्या. दहा आणि एक यांत फरक नऊचा, म्हणून कुठल्याही संख्येला नऊनं भागून जी बाकी राहते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही राहते. शाळेत ताळा पाहायला शिकलो तो हाच.

स्थानिक किंमत म्हणजे बहुपदीच आहे, हातच्याची सोय केलेली. कापरेकर ज्याच्याशी आयुष्यभर खेळले ते हे यंत्र. आपल्या भूमीला त्याचं अप्रूप नवं नाही. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या राजवटीत कोरलं गेलं, त्यांच्यातल्याच अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात २७९९४६८१ ला ४४१ नं गुणण्याचं उदाहरण आहे. उत्तर १२३४५६५४३२१. म्हणजे माळेतला सहावा मणी कापरेकरांच्या हजारेक वर्षं आधी ओवला गेला होता. ४४१ हा २१ चा वर्ग, दुसरी संख्या ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. महावीराचार्यांनी गुणाकारात वर्ग असा लपवून ठेवला होता. गंमतच करायची होती त्यांना, आणि गंमत करायला आधी यंत्र पुरतं कळावं लागतं.

अंकांचा हा लळा दुसऱ्या वाटेनंही जातो, आणि ती वाट आमच्या उपनगरांत चांगलीच रहदारीची आहे. एमएच ०२ म्हणजे अंधेरी, ४७ म्हणजे बोरिवली, ०३ म्हणजे वडाळ्याचं पूर्व उपनगरांचं आरटीओ. तिन्हीकडे पसंतीच्या क्रमांकासाठी जादा शुल्क भरलं जातं, आणि 'बेरीज नऊ आली पाहिजे' हा हट्ट नेहमीचा. अंकशास्त्रीला आपली सतरा आकडी संख्या दाखवली तर तो हरखून जाईल: बेरीज ८१, पुन्हा बेरीज ९. पण बेरीज नऊ येणं म्हणजे नऊनं भाग जाणं, आणि दर नवातली एक संख्या तशी असतेच. कापरेकर आणि अंकशास्त्री एकाच फलाटावर उभे असतात, एकाच आकड्याकडे पाहत. एक विचारतो 'असं का होतं, आणि कुठपर्यंत होतं?' दुसरा विचारतो 'गाडी कधी घेताय?'

'कुठपर्यंत' हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गमतीतून गणित तिथंच वेगळं होतं. त्या मुलाला मी म्हटलं, आता दहा एक घे. मधल्या रकान्यात दहा आले. शून्य लिहून हातचा एक. डावीकडे नऊ अधिक एक, पुन्हा दहा, पुन्हा हातचा. त्यापुढे आठ अधिक एक नऊ, आणि मग गाडी रुळावर. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला, आणि डाव्या अर्ध्यातला आठ गायब झाला. थोड्या वेळापूर्वी भेटलेल्या १२३४५६७९ मध्येही आठ नव्हताच. एकाला ८१ नं भागा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं येत राहतं, तिथंही आठ नाही. तिन्ही ठिकाणी त्याला खाणारा तोच हातचा. ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर जागा आहे, आणि कोड्यांच्या पुस्तकांत ती बहुधा नसते, कारण तिथं माळ नवव्या मण्याशी थांबवून टाळ्या घेतात.

आणखी एक करून पाहा. हातचा घ्यायचाच नाही असा हट्ट धरा आणि मध्ये सरळ १० लिहून टाका: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस आकडी संख्या कशाचाही वर्ग नाही. उलटी वाचली तर तीच येत नाही, कारण मधले दहा उलटून शून्य-एक होतात. शिस्त मोडून तयार केलेली ही ओबडधोबड वस्तू मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, तिसरा विभाजक नाही. नऊपर्यंत चढून उतरलं तर ४५ विभाजक, दहापर्यंत चढून उतरलं तर दोनच. हे असं का, याला माझ्याजवळ बहुपदीचं उत्तर नाही. कपड्यांवरून शरीर ओळखण्याची मर्यादा इथं येते, आणि हार्डींना जे अर्धं श्रेय मी वर दिलं ते याच जागेसाठी.

डेमलोचा कच्चा माल असलेल्या एकांच्या ओळींबद्दल मात्र थोडं अधिक सांगता येतं. ओळीची लांबी मूळ नसेल तर ती संख्याही मूळ नसते. नऊ म्हणजे तीन त्रिक नऊ, म्हणून नऊ एकांना १११ नं भाग जातो आणि १००१००१ उरतात. लांबी मूळ असली तरी खात्री नाहीच: १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. दोन एक, म्हणजे अकरा, मूळ. त्यानंतर एकदम एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग ३१७ एकांची. अशा मूळ संख्या कधी संपतात की संपतच नाहीत, हा प्रश्न अजून उघडा आहे. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याची ह्यू विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांची सिद्धता १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी देवळालीत कापरेकर वारले.